सिरफिड माशी ओळखायची कशी आणि नोंदवायची कशी

कोथिंबिरीची एखादी कुंडी उपटायची राहून गेली की ती फुलावर येते. माझी अशीच आली, जानेवारीत. त्या पांढऱ्या फुलोऱ्यासमोर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची एक माशी दोऱ्याने टांगल्यासारखी हवेत स्थिर उभी. मी तिला फुलोरी मधमाशी समजले, पंधरा फोटो काढले आणि सोसायटीच्या ग्रुपवर "आपल्या गच्चीवर मधमाश्या आल्या" असं टाकूनही मोकळी झाले. खालच्या मजल्यावरचे काका आयुष्यभर शेतकी खात्यात होते. त्यांचं एका ओळीत उत्तर आलं: "ताई, ही सिरफिड. मावा खाते. मारू नका." (मावा म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे. ते खातात तिच्या अळ्या.)

तेव्हापासून पाच हिवाळे मी पुण्याच्या टेकड्यांवर, नाल्याकाठी आणि मुख्यतः स्वतःच्या गच्चीवर या माश्यांच्या मागे आहे. शिक्षण कॉमर्सचं, त्यामुळे सगळ्या चुका रीतसर करून झाल्या आहेत. नवीन माणसाने त्या पुन्हा करू नयेत म्हणून हे लिहिते आहे.

इंग्रजीत हॉवरफ्लाय, शास्त्रात सिर्फिडी कूळ आणि आपल्या बांधावर 'सिरफिड माशी'. जगात सहा हजारांवर जाती, भारतात साडेतीनशेच्या आसपास. ब्रिटनमध्ये हौशी लोकांच्या नोंदी गोळा करणारी या माश्यांची स्वतंत्र योजना १९७६ पासून चालू आहे. आपल्याकडे वाघ आणि धनेश यांच्यामागे कॅमेऱ्यांची रांग लागते, पण सिरफिडमागे फिरणारी माणसं मला पाच वर्षांत बोटांवर मोजण्याइतकी भेटली. म्हणूनच तुमच्या गच्चीवरच्या साध्या माशीची नोंदही वाया जात नाही.

१. आधी ती सिरफिड आहे का, ते बघा

पुस्तकी नियम असा की मधमाशीला चार पंख आणि माशीला दोन. नियम खरा आहे, पण उडत्या जिवाचे पंख मोजणार कोण? त्यापेक्षा डोकं बघा. मधमाशीच्या मिशा लांब आणि कोपरातून वाकलेल्या असतात. सिरफिडच्या आखूड, बोंडासारख्या, आणि त्यावर एक केस. सिरफिडचे डोळे डोक्याचा बहुतेक भाग व्यापतात. मागच्या पायांवर परागाचे गोळे चिकटवलेले दिसले तर ती नक्कीच मधमाशी. सिरफिडही पराग खाते, पण घरी नेत नाही.

फोटोत पंख स्पष्ट आला असेल तर पक्की खूण सापडते. पंखाच्या मधोमध एक 'खोटी शीर' असते. ती कुठूनच नीट निघत नाही आणि कुठेच पोचत नाही, घडीवर पडलेल्या चुणीसारखी दिसते. शिवाय पंखाच्या टोकाकडच्या शिरा काठाला समांतर जातात, त्यामुळे पंखाला आतून आणखी एक किनार शिवल्यासारखी वाटते.

तोतये तीन. फळमाशी, म्हणजे आंब्यात आणि काकडीत अंडी घालणारी. तीही पिवळी-तपकिरी आणि गांधीलमाशीसारखी दिसते, पण ती पंख पसरून पानावर चालत राहते, आणि पंखाच्या पुढच्या काठावर बहुधा गडद पट्टी असते. दुसरी बॉम्बिलिड कुळातली माशी, लोकरीच्या गोळ्यासारखी. बऱ्याच जणींची सोंड पुढे सुईसारखी ताठ असते. तिसरीने मला वर्षभर फसवलं: स्टोमोऱ्हायना, दुसऱ्याच कुळातली माशी. हिच्या डोळ्यांवर सुंदर पट्टे असतात आणि ती फुलांवरच बसते, त्यामुळे मी तिला पट्टेरी डोळ्यांची सिरफिड म्हणून नोंदवत गेले. अकरा नोंदी. तिचं तोंड बाजूने बघा, खाली चोच काढल्यासारखं पुढे आलेलं असतं. पंखात खोटी शीर नसते.

२. सामान

- मॅक्रो लेन्स असलेला कॅमेरा, नसेल तर फोनला चिमट्याने लावायची मॅक्रो लेन्स. पहिली दोन वर्षं मी फोनवरच काढली.
- दहा पट मोठं दाखवणारं हातभिंग.
- झाकणाच्या दोन-तीन पारदर्शक डब्या.
- खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल. पावसात पेनाची शाई पसरते.
- पांढऱ्या कागदाचा तुकडा. माशीमागे धरला की शिरा उठून दिसतात.
- पाणी, टोपी आणि टेकडीवर एकट्या जात असाल तर घरी सांगून जाणे.

जाळी लगेच घेऊ नका. जाळी हातात आली की बघायचं सोडून आपण पकडायलाच धावतो.

३. कुठे आणि कधी

पुण्याकडे मला ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला काळ वाटतो. पाऊस ओसरतो, रानात फुलं असतात, ऊन बोचत नाही. सकाळी साडेआठ ते अकरा. थंडीत आठच्या सुमाराला गेलात तर माश्या पानावर ऊन खात बसलेल्या असतात, पंख गरम व्हायच्या आत त्यांना उडायचा कंटाळा असतो. फोटोसाठी ही अर्ध्या तासाची संधी सोन्यासारखी.

दुर्मीळ ऑर्किड शोधू नका. एकदांडी, ओसाडी, रानमोडी, अगदी गाजर गवतसुद्धा चालतं. सिरफिडची सोंड आखूड, तिला उथळ आणि उघडी फुलं लागतात. घरी कोथिंबीर, बडीशेप, मोहरी, तुळस यांपैकी काहीतरी फुलू द्या. गावाकडे ज्वारीवर मावा पडून पानं चिकट झाली असतील, ज्याला शेतकरी 'चिकटा' म्हणतात, तर तिथे हमखास जा.

दुसरं ठिकाण घाणेरडं आहे. साचलेला नाला, शेणखताचं पाणी, गोठ्यामागचं डबकं. एरिस्टॅलिनस नावाची मोठी सिरफिड आणि तिच्या भाऊबंदांच्या अळ्या अशा कुजक्या पाण्यात वाढतात. अंगाच्या मागच्या टोकाला लांब श्वासनळी, ती पाण्याच्या वर काढून श्वास घेतात, म्हणून त्यांना उंदीरशेपटी अळ्या म्हणतात. नाक मुठीत धरून पाच मिनिटं थांबलात तर काठावर मोठ्या माश्या दिसतील.

कास पठारावर जायचा मोह होतो. जा, पण फुलांवर पाय देऊन माशीमागे पळू नका. खरं सांगायचं तर गर्दीच्या त्या तीन तासांपेक्षा गच्चीवरचा एक रविवार मला जास्त देऊन जातो.

४. फोटो काढताना: चार बाजू

या लेखातलं एकच वाचणार असाल तर हे वाचा. माझ्या पहिल्या वर्षाचे शेकडो फोटो निरुपयोगी ठरले, कारण सगळे वरून काढलेले होते. पोटावरचे पट्टे छान आले, बाकी काही नाही.

पहिला फोटो वरून: पोटाची नक्षी, छातीवरच्या रेषा, आणि छातीमागची छोटी ढाल म्हणजे स्क्युटेलम. दुसरा बाजूने: पाय, मागच्या मांडीची जाडी, छातीची बाजू. तिसरा समोरून: चेहऱ्याचा रंग, मधला उंचवटा, डोळ्यांवर ठिपके आहेत का. चौथा पंखाचा, शिरा मोजता येतील असा.

चारही एका भेटीत मिळतील असं नाही. पण पहिला फोटो मिळाला की लगेच बाजूला सरका, त्याच कोनातून वीस काढत बसू नका. तुमची सावली तिच्यावर पडली की ती गेलीच. पण लगेच पाठ फिरवू नका. बरेच नर हवेतली आपली जागा राखून असतात. दुसऱ्या कुणाला हुसकावून पुन्हा त्याच जागी, त्याच उंचीवर येऊन थांबतात. वेताळ टेकडीवर एका नराने मला अशी अकरा वेळा संधी दिली. पहिल्या दहा वेळा मी त्याला कॅमेऱ्यातून शोधत होते. अकराव्या वेळी आधीच जागेवर फोकस लावून ठेवला.

जाता जाता नर-मादी ठरवून टाका. बहुतेक सिरफिडांत नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडतात, मादीच्या डोळ्यांमध्ये पट्टी असते. अपवाद आहेत, म्हणून 'बहुतेक'.

५. नावाकडे जाताना: आधी वंश

शास्त्रीय नावाचा पहिला शब्द वंश, दोन्ही मिळून जाती. सुरुवातीला पहिल्या शब्दापर्यंत पोचलात तरी भरपूर. आपल्याकडे नेहमी भेटणारे सांगते.

*इस्किओडॉन.* माझ्या कोथिंबिरीवरची हीच होती. छाती चकचकीत काळी आणि दोन्ही कडांना ठसठशीत पिवळी किनार, काळ्या चंद्रकळेला पिवळा काठ लावावा तशी. ढालही पिवळी. नराच्या मागच्या पायाच्या बुडाशी एक काटा असतो, तो बाजूच्या फोटोत दिसतो. तुम्हाला बहुधा दिसेल ती जात इस्किओडॉन स्क्युटेलॅरिस.

*एपिसिर्फस.* पोट केशरी-पिवळं. मधल्या खंडांवर दोन-दोन काळे पट्टे, मागच्या काठाला जाड आणि त्याच्या वर एक बारीक, कोरलेल्या मिशीसारखा. ही मिशी दिसली की वंश पक्का. पुढच्या जातीच्या नावावर फोटोवरून भांडू नका, वंशावर थांबा.

*एरिस्टॅलिनस.* मोठी, मधमाशीएवढी. डोळे बघा, कुणीतरी ब्रशने शाई झटकल्यासारखे ठिपके. छाती पिवळसर आणि त्यावर काळ्या उभ्या रेषा असतील तर आर्व्होरम ही जात असण्याची शक्यता बरीच. मेगासेफॅलस तिच्याहून गडद. ठिपक्यांऐवजी डोळ्यांवर उभे पट्टे असतील तर टिनिऑप्स. (आणि स्टोमोऱ्हायना नाही ना, ते पुन्हा बघा.)

*मेसेंब्रियस.* छातीवर उभ्या रेषा, पण डोळ्यांवर ठिपके नाहीत. पाणथळ जागी. इथे पंखाचा फोटो कामाला येतो. एरिस्टॅलिनस आणि मेसेंब्रियस दोघींच्या पंखात एक शीर मध्येच खळग्यात उतरल्यासारखी वाकते. पण पंखाच्या पुढच्या काठाजवळचा, शिरांमधला कप्पा एरिस्टॅलिनसमध्ये काठाला पोचण्याआधीच मिटतो, मेसेंब्रियसमध्ये काठापर्यंत उघडा राहतो. भिंगाखाली हा फरक पहिल्यांदा स्वतः पाहिला त्या दिवशी मी घरात सगळ्यांना तो दाखवला. कुणालाही काही वाटलं नाही.

*पॅरॅगस.* अर्ध्या सेंटीमीटरची. एकदांडीच्या फुलाभोवती फिरणारा ठिपका वाटते. जाती ठरवायला नराची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागतात, म्हणून फोटोवाल्यांनी 'पॅरॅगस' लिहून हात जोडावेत. युमेरस या वंशाचंही बरंचसं तसंच.

बाकी पटापट: मागच्या मांड्या पैलवानासारख्या फुगलेल्या आणि अंग किडकिडीत असेल तर सिरिट्टा. कंबर गांधीलमाशीसारखी बारीक असेल तर अ‍ॅलोबाखा. पोट रुंद, चपटं आणि पिवळं, त्यावर बारीक काळ्या रेषा असतील तर असार्किना. पंखाच्या मधोमध गडद पट्टा असेल तर डिडिऑप्सिस इग्रोटा. हिला ओळखायला शिरा मोजाव्या लागत नाहीत, नवख्याने हिच्यावर खूश व्हावं.

दोन सापळे. थंडीत वाढलेल्या माश्या गडद होतात. कोशात असताना गारठा असेल तर काळे पट्टे रुंद येतात, एपिसिर्फसमध्ये हे नेहमी दिसतं. डिसेंबरची काळपट माशी म्हणजे नवी जात नव्हे. याउलट कोशातून नुकतीच बाहेर पडलेली माशी फिकट आणि सुरकुतलेली असते, रंग भरायला तिला काही तास लागतात.

६. नोंद करा

मी आयनॅचरलिस्ट वापरते, निसर्गातल्या नोंदी ठेवायचं अ‍ॅप. खातं फुकट आहे, ईमेल पुरतो. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलही आहे. कुठेही करा, पण नोंदीचा जीव चार गोष्टींत आहे: काय, कुठे, कधी, कुणी पाहिलं. नाव चुकलं तर नंतर दुरुस्त होतं. तारीख आणि जागा चुकली तर ती नोंद कायमची आंधळी.

हे मी कसं शिकले ते सांगते. एकदा कॅमेरा घरी विसरला म्हणून बहिणीच्या फोनवर ताम्हिणीत सत्तर फोटो काढले. तिने ते मेसेज अ‍ॅपवरून पाठवले. त्या वाटेने फोटो आला की त्याच्या पोटातली तारीख आणि जागा गळून पडते, हे मला माहीत नव्हतं. मी सगळे एकदम चढवले, आणि ताम्हिणीच्या माश्या आठवडाभरानंतरच्या तारखेला सदाशिव पेठेत नोंदल्या गेल्या. मूळ फाइल केबलने घ्या, किंवा 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. कॅमेऱ्याचं घड्याळही तपासा, बॅटरी काढली की काहींचं भलत्याच वर्षात जातं.

नोंद भरताना:

एका माशीचे सगळे फोटो एकाच नोंदीत. दोन माश्या असतील तर दोन नोंदी, एकाच फुलावर असल्या तरी.

जागेचा ठिपका टाकताना अचूकतेचं वर्तुळ खरं ठेवा. घरचा पत्ता जगाला दाखवायचा नसेल तर मी ठिपका जवळच्या चौकात टाकते आणि वर्तुळ अर्ध्या किलोमीटरचं करते. 'ऑब्स्क्युअर्ड', म्हणजे जागा लपवायचा पर्याय, निवडला तर ठिपका वीसेक किलोमीटरच्या चौकटीत कुठेही दिसतो, गच्चीसाठी एवढं लपवायची गरज नाही.

कुंडीतलं झाड लावलेलं असलं तरी माशी आपण होऊन आली आहे. 'पाळीव किंवा लागवडीचं' या खुणेला हात लावू नका.

शेऱ्यात फुलाचं नाव लिहा, आणि ती काय करत होती तेही. "एकदांडीवर पराग खात होती, ढगाळ" एवढं पुरतं.

परवाना बघून घ्या. 'सर्व हक्क राखीव' ठेवलंत तर तुमची नोंद जीबीआयएफ या जागतिक साठ्यात जात नाही, आणि अभ्यासक तिथूनच माहिती घेतात. 'श्रेय द्या, व्यापारी वापर नको' हा परवाना तिथे चालतो.

७. यंत्राच्या आणि माणसांच्या सुचवण्या

फोटो चढवताच अ‍ॅप नावं सुचवतं आणि नवखा माणूस पहिल्या नावावर बोट ठेवतो. मीही ठेवायचे. अशाने माझ्या नावावर टॉक्सोमेरस हा वंश लागला होता, जो अमेरिका खंडातला. यंत्राने ज्या देशांतले फोटो जास्त पाहिले तिथलीच नावं ते आधी काढतं. सुचवणीखाली 'जवळपास अपेक्षित' आहे का ते बघा, आणि वर सांगितलेली एखादी खूण स्वतःच्या फोटोत बोटाने दाखवता येत असेल तरच ते नाव घ्या. नाही तर 'सिर्फिडी' एवढंच लिहा. त्यात कमीपणा काही नाही, ओळख पटवणारे लोक तेच कूळ चाळत असतात.

'रिसर्च ग्रेड' हा शिक्का मिळायला तारीख, जागा आणि फोटो लागतो, आणि ओळखणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त जणांचं जातीच्या पातळीवर एकमत. म्हणून काही जण दुसऱ्याने नाव दिलं की न बघता 'सहमत' दाबतात. तुम्ही स्वतः ओळखू शकत नसाल तर दाबू नका. दोन सह्या एकाच माणसाच्या डोक्यातल्या असतील तर शिक्क्याला अर्थ काय? त्यापेक्षा "कशावरून?" असं विचारा. माझं निम्मं ज्ञान या एका प्रश्नावर मिळालं आहे.

८. पकडण्याबद्दल

डबीत धरून, दहा मिनिटं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून, सुस्त झालेल्या माशीचा फोटो काढून सोडून देता येतं. फ्रीझरमध्ये नको. डबीवर चिठ्ठी लावा, नाहीतर घरच्यांना ती चटणीच्या शेजारी सापडते.

मारून टाचणीला लावणं हे वेगळं प्रकरण आहे. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्यात परवानगीशिवाय काहीही गोळा करू नका, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ तिथे लागू आहे आणि "साहेब, माशीच आहे" हे उत्तर चालत नाही. ज्याला पुढे खरंच नमुन्यांवर काम करायचं आहे त्याने आधी एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाशी बोलावं. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे. एकट्याने घरी पेटी भरू नये.

९. एक अळी पाळून बघा

हे बंधनकारक नाही, पण याच्यासारखी मजा नाही. वालाच्या वेलावर काळा मावा दाटला की पानाची मागची बाजू बघा. त्या गर्दीत एखादी हिरवट, पारदर्शक, बिनपायाची अळी असेल, एका टोकाला निमुळती. तिला डोळे नसतात. ती पुढचा भाग इकडेतिकडे आपटत चाचपडते, मावा लागला की त्याला पकडून हवेत उचलते आणि शोषून रिकामं साल टाकून देते. मी एकीला भिंगाखाली तीन मिनिटांत असे दोन संपवताना पाहिलं.

ती अळी पानासकट डबीत घ्या, झाकणाला बारीक भोकं, रोज ताज्या माव्याची डहाळी. डबीत पाणी साचू देऊ नका, बुरशी येते. काही दिवसांत ती पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा कोश होऊन पानाला चिकटते. कोशाची तारीख लिहून ठेवा. माझ्याकडे आठ-दहा दिवसांत माशी बाहेर येते. अळी, कोश आणि माशी यांच्या नोंदी वेगळ्या करते आणि शेऱ्यात एकीचा दुवा दुसरीत देते.

गेल्या डिसेंबरात तीन कोश होते. दोनांतून इस्किओडॉन आल्या. तिसरा गडद होत गेला, बारा दिवस झाले तरी हालचाल नाही, मेला समजून मी टाकणारच होते. तेराव्या दिवशी सकाळी डबीत एक काळी, तांबूस पायांची, सडपातळ गांधीलमाशीसारखी पाहुणी मिशा थरथरवत फिरत होती. डिप्लाझॉन. सिरफिडच्या अळीत अंडं घालणारी परजीवी. कोशाच्या एका टोकाला तिने कुरतडून भोक पाडलं होतं. तिचीही नोंद टाकली. शेऱ्यात लिहिलं: "वालावरच्या माव्यातली सिरफिड अळी, जाती ठरली नाही, कोशाचा फोटो जोडला आहे."